आदेशावरून खेळा

राज्यातल्या शाळांत आनंद शनिवारी असतो. 2024 साली तसा शासन निर्णयच निघाला : ‘आनंददायी शनिवार’, इयत्ता पहिली ते आठवी. उरलेल्या पाच दिवसांच्या आनंदाबद्दल निर्णय गप्प आहे. सरकारी कागदाला इतकं तारतम्य क्वचितच असतं.

आता मुलांना आनंद द्यायचा, म्हणजे तो देणाऱ्यांचं प्रशिक्षण आलं. प्रशिक्षण आलं म्हणजे हायस्कूलचं सभागृह आलं, चार पंख्यांपैकी फिरणारा एक पंखा आला, साडेनऊची उपस्थितीची लिंक आणि साडेदहाचं दीपप्रज्वलन आलं. प्रेरणागीत होतं. मग साधनव्यक्ती म्हणतात, “चला, जरा फ्रेश होऊ या,” आणि पन्नाशी गाठलेली, शुगरची गोळी घेऊन आलेली माणसं उभी राहून पावसाची टाळी वाजवतात. आधी एका बोटाने, मग दोन, मग सगळा पंजा. पाऊस पडून जातो. सगळे खाली बसतात. पडद्यावर पहिली स्लाइड येते : ‘खेळाधारित अध्यापन – संकल्पना, स्वरूप व महत्त्व’. इथून पुढे जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोणीही खेळत नाही.

मागून कोणीतरी विचारतं, “सर, प्रत्यक्ष खेळ कधी घ्यायचाय?”

“घटक संपले की घेऊ. वेळ उरला तर.”

वेळ उरत नाही. उत्तरचाचणीची लिंक आलेली असते.

योहान हुइझिंगा नावाच्या डच इतिहासकाराने 1938 मध्ये ‘होमो लुडेन्स’ या पुस्तकात माणसाच्या खेळकरपणाचा सविस्तर विचार मांडला. खेळाची त्याने घातलेली पहिली अट अशी, की तो आपखुशीचा हवा. हुकूम सोडून करवून घेतला, तर तो खेळ उरत नाही, फार तर खेळाची नक्कल होते. बिचाऱ्याने आपली परिपत्रकं वाचली नव्हती. आपल्याकडे उत्स्फूर्त सहभागसुद्धा अनिवार्य असतो आणि जो उत्स्फूर्त झाला नाही त्याचा खुलासा मागवतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 सांगतं की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत. चांगली गोष्ट आहे. तास मोजता येतात, विकासाचं तसं नाही. ‘निष्ठा’ प्रशिक्षणमालेत खेळण्यांवर आधारित अध्यापनाचंही मॉड्यूल आहे. ते ‘दीक्षा’ ॲपवर उघडायचं, मोबाइल बरणीला टेकवून उभा करायचा, मेथी निवडायला घ्यायची आणि मधूनमधून ओल्या बोटाने ‘पुढे’ दाबायचं. शेवटी प्रश्नमंजूषा, मग प्रमाणपत्र. एकाही खेळण्याला हात न लावता माणूस खेळण्यांत प्रमाणित होतो. जुन्या काळी दीक्षा घ्यायला घर सोडावं लागायचं; ही सोय आहे, नाकारू नये.

खेळणी मात्र खरी असतात. फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्राने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ काढला : खेळणी, कोडी, चित्रकार्डं, गोष्टींची पुस्तकं. आपल्या जिल्हा परिषद शाळांत त्याआधीच गणित पेटी पोचली होती. पेटीतलं साहित्य उत्तम आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. पण पेटी शाळेत आली की पहिल्यांदा डेडस्टॉक रजिस्टरला चढते, आणि चढली की ती मालमत्ता होते. एक फासा हरवला तर विचारणा. बदलीच्या वेळी चार्ज देताना मोजदाद. मणी कमी भरले तर ते कोणी गिळले का, इथपर्यंत चर्चा. म्हणून शहाणे मुख्याध्यापक पेटी कपाटात ठेवतात, कपाटाला कुलूप लावतात आणि तपासणीला साहेब आले की बाहेर काढतात. मुलांना पेटी बरोबर ओळखता येते. साहेबांबरोबर येते ती.

सेमूर पॅपर्टचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकाची भाषा घडवणाऱ्यांपैकी हा एक. 1980 च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकाच्या सुरुवातीला त्याने आपल्या बालपणाची हकिगत सांगितली आहे. दोन वर्षांचाही नसताना त्याला मोटारीच्या भागांचं वेड लागलं, आणि त्यातही गिअरचं. पुढे शाळेत पाढे आले तेव्हा त्याला ते दातेरी चक्रांत दिसले. दोन अव्यक्तांचं समीकरण फळ्यावर आलं तेव्हा डिफरेन्शिअल आठवलं आणि समीकरण ओळखीचं वाटलं. आता आपल्याकडच्या कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाने हे वाचलं तर तो काय करील? राज्यातल्या प्रत्येक शाळेला गिअर पेटीची निविदा काढील. गंमत म्हणजे पॅपर्टला हे ठाऊक होतं. त्याने तिथेच बजावलं आहे, की माझी गोष्ट ऐकून कोणी मुलांसाठी गिअरचा संच काढायला निघेल, पण त्याने गोष्टीतलं मर्मच निसटेल. त्याचा त्या गिअरवर जीव जडला होता. संच पुरवता येतो, जीव जडण्याचं कंत्राट कोणाला देणार?

आपल्याकडे डेडस्टॉक रजिस्टरला पुरून उरलेला एक माणूस आहे. अरविंद गुप्ता. कानपूर आयआयटीचे अभियंते, पुण्यात मोटारींच्या कारखान्यात नोकरीला. 1978 मध्ये रजा काढून मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व काड्यापेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घन करायला लागले. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. हे एकदा बोटांना कळलं की पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, ते वेगळं सांगावं लागत नाही. पुढे पुण्यातल्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी केली आणि 2018 मध्ये पद्मश्रीही मिळाली. या खेळण्यांची शैक्षणिक थोरवी सगळे सांगतात. प्रशासकीय थोरवी कोणी सांगत नाही. व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्याची किंमत शून्य, म्हणून त्याची नोंद नाही. नोंद नाही म्हणून हिशेब नाही. हिशेब नाही म्हणून ते खेळणं बिनधास्त मुलांच्या हातात जातं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीही बोर्डी-कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं हेच साहित्य धरलं. गुरं वळणारी वारली मुलं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात नेली. कुरणाचा चार्ज कोणी कोणाला देत नाही.

असो. शिक्षक नोकरीला लागल्यावर कपाटाला कुलूप लावायला शिकतो, हे एक वेळ समजू शकतं. तो घडतो तिथे काय चालतं, हे जास्त मौजेचं आहे.

बी.एड.मध्ये एक खेळ रोज चालतो, फक्त त्याला कोणी खेळ म्हणत नाही. सूक्ष्म अध्यापन. हे निघालं अमेरिकेत स्टॅनफर्डला, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला. तिथे शिकाऊ शिक्षकापुढे चारपाच खरी मुलं बसवत. थोडा वेळ शिकवायचं, लगेच चुका ऐकायच्या, पुन्हा शिकवायचं. भारतात आल्यावर खऱ्या मुलांची जुळवाजुळव कोण करणार, म्हणून त्यांची जागा सहाध्यायांनी घेतली. तेव्हापासून 36 मिनिटांचं चक्र फिरतं आहे : 6 मिनिटं पाठ, 6 मिनिटं प्रत्याभरण, 12 मिनिटं पुनर्नियोजन, 6 मिनिटं पुन्हा पाठ, 6 मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. पंचवीस-तीस वर्षांचे, काही तर लेकुरवाळे छात्राध्यापक पाचवीतली मुलं होऊन बसतात. ‘सज्जता प्रवर्तन कौशल्य’ असेल तर ठरल्याप्रमाणे सज्ज होतात. ‘प्रबलन कौशल्य’ असेल तर शाबास म्हणवून घेण्यासाठी आधीच ठरलेलं बरोबर उत्तर देतात. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत, देणाऱ्याला माहीत, निरीक्षण वहीत खुणा करणाऱ्यालाही माहीत. मुलांचं इतकं आज्ञाधारक सोंग प्रत्यक्षातल्या एकाही मुलाने आजवर आणलेलं नाही. अशा वर्गावर वीस पाठ घेऊन छात्राध्यापक छात्रसेवाकालाला खऱ्या शाळेत जातो आणि पहिल्याच तासाला त्याला कळतं की पाचवीतली मुलं पाचवीतल्या मुलांसारखी वागत नाहीत.

खेळात हरता आलं पाहिजे. सूक्ष्म अध्यापनात कोणी हरत नाही. पाठ टाचणातही कोणी हरत नाही. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट 1841 साली वारला. त्याच्या शिष्यांनी बांधलेल्या पायऱ्या आपण अजून चढतो आहोत आणि ‘रचनावाद’ असं शीर्षक देऊन चढतो आहोत. टाचणात ‘विद्यार्थी कृती’ नावाचा रकाना असतो. त्यात लिहिलेलं असतं : ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील’. भविष्यकाळावर इतका विश्वास ज्योतिषीही ठेवत नाहीत.

आता छंदाकडे, म्हणजे वेडाकडे वळू. तो अभ्यासक्रमात कसा शिरला, यात महाराष्ट्राचं देशाला योगदान आहे. आपल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा घोळ इतका झाला, की प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2011 मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमावा लागला. आयोगाने नंतर साऱ्या देशातल्या शिक्षक-शिक्षणावर बोट ठेवलं. त्यातून 2014 चे नियम आले, बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि अभ्यासक्रमात नाट्य व कला शिरली. शिवाय ‘अंडरस्टँडिंग द सेल्फ’ नावाची एक गोष्ट शिरली. म्हणजे शिक्षकाने आधी स्वतःला ओळखावं. मी कोण, मला काय आवडतं, कशाची भीती वाटते. कल्पना अस्सल होती, हे मी मनापासून सांगतो. मग ती महाविद्यालयात पोचली. तिला अंतर्गत गुण लागले. अंतर्गत गुणांना जर्नल लागलं. जर्नलला अंतिम तारीख लागली. आता झेरॉक्सच्या दुकानात मागच्या बॅचचं स्वत्व मिळतं. नावं बदलायची आणि जमा करायचं. एका वर्गातल्या सगळ्यांना वाचन, संगीत आणि निसर्गभ्रमण आवडतं. त्यांतला कोणी रात्री दोनपर्यंत कबुतरांच्या उडण्याच्या शर्यतीचे व्हिडिओ बघत असेल, कोणाला जुन्या लावण्यांच्या चाली पाठ असतील, कोणी मधमाश्यांच्या पेट्या ठेवत असेल, ते जर्नलमध्ये येत नाही. ते शोभत नाही ना.

नोकरीत छंदाला दुसरा रोग होतो. तिथे छंद म्हणून काही करता येत नाही, ‘उपक्रम’ म्हणून करावं लागतं. उपक्रमाला यमक जुळणारं नाव हवं. लोगो हवा. मुलांनी टी-शर्ट घातलेला फोटो हवा. यूट्यूब चॅनेल हवा. मग त्याची फाइल होते, आणि आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी ज्याचा त्याने अर्ज करायचा असल्यामुळे फाइल जाड हवी. उपक्रमशील शिक्षकांविषयी मला आदर आहे. त्यांच्यातल्या काहींनी खरोखर शाळा उभ्या केल्या. पण ज्याला पक्ष्यांचं वेड आहे तो फोटो काढताना पक्ष्याकडे बघतो, कॅमेऱ्याकडे नाही. एवढा फरक फाइलमध्ये दिसत नाही, मुलांना लगेच दिसतो.

आणि वेड असलं की झालं, असंही नाही. क्रिकेटवेड्या गुरुजींनी सरासरी शिकवताना स्ट्राइक रेट काढला की वर्गातली पाच पोरं उजळतात आणि उरलेल्यांना आता दोन गोष्टी कळेनाशा होतात, सरासरी आणि क्रिकेट. स्वतःच्या वेडातून दुसऱ्याला वाट कशी काढून द्यायची, ही खरी कारागिरी आहे. शिक्षक-शिक्षणाने शिकवायचं तर हे. त्यासाठी आधी शिक्षकाला वेड आहे, हे मान्य करावं लागेल.

सागरगोट्यांचंच घ्या. पाच खडे. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे आणि उडवलेला झेलायचा. पहिल्या फेरीत एकेक. दुसरीत दोन-दोन. तिसरीत तीन आणि एक. चौथीत चारही एकदम. म्हणजे 4 या संख्येच्या फोडी : 1+1+1+1, 2+2, 3+1, 4. पण चारच्या फोडी एकूण पाच होतात. 2+1+1 ही फेरी कुठे गेली? खेळात ती का नाही? सहा खडे घेतले, म्हणजे जमिनीवर पाच, तर किती फेऱ्या कराव्या लागतील? सात. आणि सात खड्यांनी? हा प्रश्न वाढवत नेला की तो थेट गणिती रामानुजनच्या दाराशी जातो. त्याचा सहकारी हार्डी आणि तो 1918 मध्ये याच फोडींच्या मोजणीचं सूत्र मांडून बसले होते. आता गंमत बघा. प्रशिक्षणात ‘संख्येचे विघटन’ या घटकासाठी थर्माकोलचे गोळे वाटले जातात, आणि ते हातात घेऊन बसलेल्या निम्म्या बायांनी लहानपणी दुपारच्या दुपारी ओसरीवर हेच विघटन केलेलं असतं. हात तयार आहेत. त्यांना विचारत मात्र कोणी नाही, कारण तज्ज्ञ मार्गदर्शक तालुक्याहून आलेले असतात आणि सागरगोटे घटक संचात नाहीत.

शिक्षक खेळायला नाखूश असतात, ही तर निव्वळ अफवा आहे. जिल्हा परिषदेच्या ऑनलाइन बदल्या सुरू झाल्या की बघावं. संवर्ग एक, संवर्ग दोन, बदली अधिकार पात्र, बदलीपात्र. अवघड क्षेत्र, सर्वसाधारण क्षेत्र. सेवाज्येष्ठता, पती-पत्नी एकत्रीकरण, अंतराचा दाखला. शाळांचे पसंतीक्रम. वरच्या कोणी आपली शाळा मागितली की आपल्याला खो. तो खो आपण पुढे कोणाला द्यायचा, त्याला दिला तर तो कोणाला देईल, आणि शेवटी साखळी फिरून आपल्याच गावात कोण येऊन बसेल, हे सगळं कागदावर मांडलं जातं. ज्यांना गणिताच्या प्रशिक्षणात ‘संभाव्यता’ शब्द ऐकून जांभई आली होती, ते रात्री अकरा वाजता एक्सेलमध्ये रकाने लावत असतात. याद्यांच्या पीडीएफ येतात. गटागटाने तर्क लढवले जातात. पन्नाशीतले गुरुजी पंचविशीतल्या शिक्षणसेवकाकडून फिल्टर लावायला शिकतात आणि त्या बदल्यात त्याला घाटाच्या पलीकडच्या कोणत्या शाळेला पावसात रस्ता नसतो ते शिकवतात. सहाध्यायी अध्ययन म्हणतात ते हेच. या प्रशिक्षणाला साधनव्यक्ती नसते, भत्ता नसतो, टाळी नसते. नियमांचं शंभर पानी जंजाळ माणसं आठवड्यात पाठ करतात, कारण हरलो तर घर साठ किलोमीटर लांब जाणार असतं.

म्हणून मी सुचवतो. दर महिन्याला केंद्र शिक्षण परिषद भरतेच. दहा-बारा शाळांचे शिक्षक एका खोलीत असतातच. पहिला अर्धा तास एकाने आपलं वेड दुसऱ्यांना शिकवावं. फेटा बांधणं, पतंगाला कन्नी बांधणं, विहिरीचं पाणी बघणं, शेअर बाजार, काहीही. अध्ययन निष्पत्तीचा क्रमांक टाकायचा नाही. फोटो काढायचा नाही. उरलेल्यांनी फक्त आपण कुठे अडलो आणि शिकवणाऱ्याला ते कळलं का, एवढं बोलायचं. पंचवीस वर्षं शिकवणाऱ्याला पुन्हा एकदा काही न येण्याची चव मिळेल, ती प्रमाणपत्रात मिळत नाही.

पुढचा अर्धा तास सूक्ष्म अध्यापन, पण चिठ्ठ्या टाकून. विद्यार्थी झालेल्या प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, ती कोणाला दाखवायची नाही. एकीत लिहिलेलं : तू दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलास, आज मार्चमध्ये आलास. दुसरीत : घरी तू पावरी बोलतेस, ‘हातचा घ्या’ म्हणजे कोणाचा हात ते तुला कळत नाही. तिसरीत : उत्तर येतं, पण काल बाई ओरडल्या म्हणून सांगायचं नाही. चौथीत : तुला सगळं येतं आणि कंटाळा आला आहे. पाचवीत : सकाळपासून काही खाल्लेलं नाही, खिचडी किती वाजता मिळणार एवढंच डोक्यात. सहा मिनिटं शिकवायचं, मग शिकवणाऱ्याने कोणाकडे कोणती चिठ्ठी होती ते ओळखायचं. ओळखता आलं नाही तर हरला. फळ्यावर गुण मांडायचे. खर्च : एक कोरा कागद आणि कात्री. डेडस्टॉकला नोंद नाही.

हे सगळं मी एका केंद्रप्रमुखांपुढे मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चिठ्ठ्यांवर हसले, दोन चिठ्ठ्या त्यांनीच सुचवल्या आणि त्या माझ्यापेक्षा सरस होत्या. मग चष्मा पुसत म्हणाले, “करू या की. फक्त एक सांगा, हरलेल्यांची माहिती वर कोणत्या नमुन्यात पाठवायची?”